उलट्या दिशेला काय गेलं? ‘एमड्राइव्ह’ नावाच्या इंजिनाची कहाणी

‘नासानं इंधनाशिवाय चालणारं इंजिन बनवलं, न्यूटन खोटा ठरला!’ अशा मथळ्याचे व्हिडिओ अजूनही फिरत असतात. मजकूर बहुतेक वेळा २०१४ किंवा २०१६ सालातला असतो. चित्रं तेवढी नवी चिकटवलेली असतात आणि शेवटी ‘महिनाभरात मंगळ’ वगैरे असतंच. या इंजिनाचं नाव एमड्राइव्ह. ब्रिटन, चीन, अमेरिका आणि जर्मनी मिळून जवळजवळ वीस वर्षं त्याच्या चाचण्या चालल्या. ते चालत नाही, हे आता चांगलं ठाऊक झालं आहे. पण ते ठाऊक कसं झालं, हे त्या व्हिडिओत कधीच नसतं. माझ्या मते सगळ्यात रंगतदार भाग तोच आहे.

## रॉकेटचं जुनं दुखणं

तलावाच्या मधोमध एक होडी आहे. वल्ही नाहीत, वारा नाही, पण होडीत दगडांची रास आहे. एक दगड जोरात मागं भिरकावला की होडी थोडी पुढं सरकते. रॉकेट याहून वेगळं काही करत नाही, फक्त दगडांच्या जागी तापलेला वायू असतो. शाळेत घोकलेला न्यूटनचा तिसरा नियम तो हाच.

इथं एक शब्द लागेल: संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. दगड मागं जाताना जितका संवेग नेतो, तितकाच होडीला पुढच्या दिशेनं मिळतो. दोन्हींची बेरीज आधी शून्य होती, नंतरही शून्यच राहते. संवेग कुठून उपटत नाही आणि कुठं विरूनही जात नाही. यालाच संवेग अक्षय्यतेचा नियम म्हणतात. म्हणून कोणतंही इंजिन समोर आलं की एकच प्रश्न विचारायचा: यान पुढं गेलं, तर उलट्या दिशेला काय गेलं?

दुखणं असं की दगड होडीतच भरून न्यावे लागतात. शेवटचा दगड हातात येईपर्यंत त्याचं ओझं आधीच्या सगळ्या दगडांनी वाहिलेलं असतं. रशियन शिक्षक कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये याचं गणित मांडलं, आणि ते आजही तितकंच निर्दय आहे. चांद्रयान-३ नेणारं एलव्हीएम-३ रॉकेट उड्डाणाच्या वेळी सुमारे ६४० टनांचं होतं आणि यान जेमतेम ३.९ टनांचं. बाकीचं बहुतेक वजन फेकून देण्यासाठीच उचललेलं होतं.

यावर एक चांगला उपाय आहे. दगड कमी घ्या, पण फार वेगानं फेका. आयन इंजिनात झेनॉनसारख्या वायूच्या अणूंना विद्युतभार देऊन विजेच्या जोरावर मागं सोडतात. रासायनिक रॉकेटचा झोत सेकंदाला फार तर साडेचार किलोमीटरनं जातो, आयन इंजिनाचा तीसेक किलोमीटरनं. २००७ मध्ये निघालेल्या नासाच्या ‘डॉन’ यानात अवघा ४२५ किलो झेनॉन होता. तेवढ्यावर ते आधी व्हेस्टा आणि मग सेरेस या दोन लघुग्रहपट्ट्यातल्या पिंडांभोवती फिरलं. रेटा, म्हणजे ढकलणारं बल, मात्र इतका क्षीण की शून्यापासून ताशी ९६ किलोमीटरपर्यंत पोचायला त्याला चार दिवस लागत. अवकाशात घाई नसते, म्हणून हे चालून जातं.

तरी झेनॉनही कधीतरी संपतो. व्हॉयेजर-१ आज सेकंदाला सुमारे १७ किलोमीटरनं जात आहे. या वेगानं सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याएवढं अंतर कापायला सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील. तेव्हा कुणी येऊन ‘दगड लागतच नाहीत’ म्हटलं, तर कान टवकारले जाणारच. त्यात वाचकाचा भोळेपणा शोधायला नको.

## तांब्याचा बंद डबा

हे सांगणारे गृहस्थ म्हणजे रॉजर शॉयर. उपग्रह उद्योगात काम केलेले ब्रिटिश अभियंते. त्यांनी २००१ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि तिला ब्रिटिश सरकारकडून ४५,००० पौंडांचं साहाय्यही मिळालं. २००६ मध्ये ‘न्यू सायंटिस्ट’ साप्ताहिकानं त्यांच्या यंत्रावर मुखपृष्ठकथा केली आणि एमड्राइव्ह जगभर पोचलं.

यंत्र दिसायला साधं आहे. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळता असा तांब्याचा बंद डबा. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये असतो तसा मॅग्नेट्रॉन त्यात मायक्रोवेव्ह लहरी सोडतो. त्या आत आदळत, परतत राहतात. प्रकाशाप्रमाणे या लहरीही ज्यावर आदळतात त्यावर किंचित दाब देतात, आणि यात वादाचं काही नाही. शॉयर यांचं म्हणणं असं की रुंद टोकावर दाब जास्त पडतो, अरुंद टोकावर कमी, आणि या फरकाइतका रेटा डब्याला मिळतो. बाहेर काहीच पडत नाही.

चूक शोधायला फार खोल जावं लागत नाही. डब्याला दोन टोकांखेरीज उतरत्या भिंतीही असतात. त्या तिरक्या असल्यामुळे त्यांच्यावरचा दाब काही अंशी अरुंद टोकाच्या दिशेनं ढकलतो, आणि दोन टोकांमधली तफावत नेमकी भरून निघते. बेरीज शून्य. होडीत बसून तिच्याच पुढच्या फळीवर चेंडू मारत राहिलं तर होडी कुठं जाणार? मारताना ती मागं रेटली जाते, चेंडू आदळला की पुढं, आणि हिशेब तिथंच मिटतो. डबा निमुळता केल्यानं चेंडूचा मार्ग गुंतागुंतीचा होतो, हिशेब बदलत नाही.

लेख छापून आल्यावर नियतकालिकाला जाहीरपणे धारेवर धरणाऱ्यांत ऑस्ट्रेलियन विज्ञानकथालेखक ग्रेग ईगन पुढं होते. त्यांनी शंकूच्या आकाराच्या पोकळीतल्या लहरींचं गणित सोडवून निव्वळ बल शून्य येतं हे दाखवलं. कल्पनेच्या भराऱ्या ज्यांचा व्यवसाय, त्यांनीच इथं ब्रेक लावावा, याची मला गंमत वाटते.

शॉयर यांची पंचाईत आणखी एक होती. आपण नवं भौतिकशास्त्र मांडत नाही, जुन्याच नियमांतून हे निघतं, असं ते म्हणत. पण विद्युतचुंबकीय लहरींचा जुना नियम म्हणजे मॅक्सवेलची समीकरणं, आणि संवेगाची अक्षय्यता त्या समीकरणांतूनच निघते. त्यांच्यातून रेटा काढणं म्हणजे बरोबर बेरजा करत करत चुकीच्या उत्तराला पोचणं.

## ‘पण नासानं तर मोजलं होतं!’

कागदावरचं गणित एकीकडे, प्रयोग दुसरीकडे. यंत्र खरंच ढकलत असेल तर गणिताला मान तुकवावी लागते, आणि हे कोणताही भौतिकशास्त्रज्ञ कबूल करेल. म्हणून प्रयोगांकडे नीट बघायला हवं.

चीनमधल्या शीआनच्या नॉर्थवेस्टर्न पॉलिटेक्निकल विद्यापीठात यांग जुआन यांच्या गटानं अडीच किलोवॅट विजेवर ७२० मिलिन्यूटन रेटा मिळाल्याचं सांगितलं. हा आकडा प्रचंड आहे, कारण ‘डॉन’च्या जातीचं आयन इंजिन जवळपास तेवढ्याच विजेवर ९२ मिलिन्यूटन देतं. पुढं याच गटानं वीज बाहेरून तारांनी न आणता बॅटरी यंत्रासोबतच तराजूवर चढवली. रेटा मोजमापाच्या गोंगाटात बुडून गेला, आणि तसं त्यांनी प्रसिद्धही केलं. प्रामाणिकपणाची ही गोष्ट व्हिडिओवाल्यांपर्यंत पोचली नाही.

अमेरिकेतलं काम ह्यूस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरमधल्या ‘ईगलवर्क्स’ नावाच्या छोट्या प्रयोगशाळेत झालं. तिचे प्रमुख हॅरॉल्ड व्हाइट. ‘नासानं सिद्ध केलं’ म्हणतात ते हजारो लोकांच्या संस्थेतल्या या एका खोलीबद्दल. एक संस्था म्हणून नासानं एमड्राइव्हवर कधीही शिक्का मारलेला नाही.

२०१४ मध्ये या गटानं एका परिषदेत निबंध वाचला. एमड्राइव्हच्याच कुळातल्या एका यंत्राचे त्यांनी दोन नमुने तपासले होते. एकात खाचा होत्या, आणि ते यंत्र शोधून काढणाऱ्याच्या सिद्धांतानुसार रेटा त्या खाचांमुळेच यायला हवा होता. दुसरा मुद्दाम खाचांविना, म्हणजे चालू नये असाच बनवलेला. दोघांनीही रेटा दाखवला. बातम्या झाल्या त्या ‘रेटा मिळाला’ अशा. खरं तर जो नमुना गप्प बसायला हवा होता तोही बोलला, तेव्हा आवाज दुसरीकडून कुठूनतरी येत असल्याची ती खूण होती. आणि या चाचण्या निर्वात टाकीत झाल्या असल्या तरी टाकीतली हवा काढलेलीच नव्हती.

नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याच गटाचा पुढचा निबंध ‘जर्नल ऑफ प्रॉपल्शन अँड पॉवर’ या समीक्षित नियतकालिकात आला. या वेळी हवा काढली होती. मोजलेला रेटा किलोवॅटमागे १.२ मिलिन्यूटन. ऐंशी वॉटच्या आसपास प्रत्यक्ष बल होतं १०० मायक्रोन्यूटनच्या घरात, म्हणजे पृथ्वीवर दहा मिलिग्रॅम वजनाला लागतं तितकं. एवढ्यावर न्यूटनला निवृत्त करायचं असेल, तर तराजूकडे जरा जास्तच बारकाईनं पाहायला हवं.

## दहा मिलिग्रॅम कुठूनही येतात

इतकं सूक्ष्म बल मोजण्यासाठी पिळाचा तराजू वापरतात. आडवा दांडा, त्याच्या टोकाला यंत्र, मधोमध लवचीक बिजागरी. यंत्रानं ढकललं की दांडा केसाहूनही कमी अंतरानं वळतो आणि ते वळणं प्रकाशाच्या साह्यानं टिपतात. तराजूला बल कळत नाही, त्याला फक्त हलणं कळतं. हलवणारं कोण, ते माणसानं ओळखायचं.

पहिला संशयित उष्णता. शेकडो अंशांची गरज नसते. तांबं थोडं तापलं तरी फुगतं, त्याला धरणारे कंस वाकतात, वजनाचा मध्य सरकतो आणि दांडा नव्या जागी स्थिरावतो. पडद्यावर हे हुबेहूब रेट्यासारखं दिसतं. ओळखायची खूण अशी की खरा रेटा वीज बंद करताच थांबेल, उष्णतेचा परिणाम रेंगाळत उतरेल. ईगलवर्क्सच्या आलेखांत असं रेंगाळणं होतं. ते लेखकांनी लपवलं नाही. हा उष्णतेचा वाटा आणि हा रेट्याचा, अशी त्यांनी वाटणी केली. टीकाकारांचा आक्षेप याच वाटणीवर होता.

दुसरा संशयित तारा. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ५० मायक्रोटेस्लाचं. त्यात दहा सेंटिमीटरच्या सरळ तारेतून दोन अँपिअर वीज वाहिली तर तारेवर सुमारे १० मायक्रोन्यूटन बल येतं. हे बारावीच्या सूत्रानं कुणालाही काढता येईल. एमड्राइव्हला वीज पुरवणाऱ्या तारा यापेक्षा लांब असू शकतात. म्हणजे तार जरा वेडीवाकडी गेली की ‘क्रांती’चा मोठा भाग तिथंच सापडतो.

यांशिवाय तापलेल्या धातूतून निसटणारे वायू, टाकीत राहिलेल्या हवेचे प्रवाह, इमारतीची थरथर. यादी लांबवण्यात अर्थ नाही.

## ड्रेस्डेनचा माणूस

मार्टिन टायमार जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात अवकाशयान तंत्रज्ञान शिकवतात. संशयवादी म्हटल्यावर खुर्चीत बसून ‘अशक्य!’ म्हणणारा माणूस डोळ्यांपुढं येतो. टायमार तसे नाहीत. चाकोरीबाहेरच्या इंजिनांचा त्यांना मनापासून नाद आहे. यातलं एखादं खरंच चालतं का हे बघण्यासाठी त्यांनी ‘स्पेसड्राइव्ह’ नावाचा प्रकल्पच काढला आणि त्यासाठी मायक्रोन्यूटनच्याही पलीकडचं मोजणारे तराजू उभारले.

२०१८ मध्ये स्पेनमधल्या सेव्हिल इथं त्यांनी पहिले निकाल मांडले. रेटा दिसत होता. मग त्यांनी डबा अशा दिशेला वळवला की रेटा असलाच तरी तराजूला दिसू नये. तो तितकाच दिसला. डब्यात जाणाऱ्या लहरी वाटेतच क्षीण करून पाहिल्या. तरी रेटा तेवढाच! डब्याला काही मिळत नसताना डबा ढकलत असेल, तर ढकलणारा डबा नव्हे. बोट तारांकडे आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राकडे गेलं.

नंतरची तीन वर्षं त्यांनी तराजू सुधारण्यात घालवली. २०२१ मध्ये ईगलवर्क्सच्या मापाचाच डबा वापरून त्यांनी आधी ह्यूस्टनसारखा रेटा जसाच्या तसा मिळवून दाखवला. मग यंत्र तराजूला ज्या पद्धतीनं टांगलं होतं ती बदलली, जेणेकरून तापून वाकलेला कंस दांड्याला हलवू शकणार नाही. रेटा गेला. सारा खेळ तापलेल्या जोडाचा होता. रेटा असलाच तर तो किती कमी असावा लागेल याची मर्यादाही त्यांनी दिली, आणि ती नुसत्या प्रकाशाचा झोत मागं सोडून मिळणाऱ्या रेट्याच्याही खाली आहे.

या कामाचं मोल ‘चालत नाही’ या निकालापेक्षा त्याच्या क्रमात आहे, असं मला वाटतं. नुसतं ‘मला दिसलं नाही’ म्हटलं असतं तर समर्थक म्हणाले असते, तुमचा तराजू बोथट. टायमार यांनी आधी तोच चमत्कार करून दाखवला आणि मग त्याची दोरी उघडी केली. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यक्रमांत हातातून अंगारा काढून दाखवणारे कार्यकर्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रीत ओळखीची वाटेल.

## ‘समीक्षित नियतकालिकात छापलं, मग खोटं कसं?’

खोटं कुणीच म्हटलेलं नाही. ईगलवर्क्सनं मोजलं तेच लिहिलं. समीक्षक कागद तपासतात. पद्धत समजेल अशी लिहिली आहे का, ठळक चुका आहेत का, एवढं ते पाहतात. ते ह्यूस्टनला जाऊन कंस किती तापला ते बघत नाहीत. छापून येणं म्हणजे ‘आता इतरांनी करून बघावं’ अशी सूचना असते, आणि इथं इतरांनी ते करून पाहिलं.

## ‘गोडार्डनाही हसलेच होते’

हा युक्तिवाद हमखास येतो, आणि घटना खरी आहे. १३ जानेवारी १९२० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं अग्रलेखात रॉबर्ट गोडार्ड यांची टर उडवली. पोकळीत रेटायला काही नसताना रॉकेट पुढं जाईलच कसं, या प्राध्यापकाला शाळकरी ज्ञानही नाही, असा त्याचा रोख होता. अपोलो-११ चंद्राकडे निघाल्यावर, १७ जुलै १९६९ ला, त्याच वृत्तपत्रानं चूक मान्य केली.

पण त्या वादात चूक कुणाची होती, ते बघा. संवेगाचा नियम गोडार्ड यांच्या बाजूनं होता. रॉकेटला हवा रेटावी लागत नाही, स्वतःचा झोत मागं सोडणं पुरतं. तिसरा नियम संपादक विसरले होते. ‘उलट्या दिशेला काय गेलं’ याचं उत्तर गोडार्ड यांच्याकडे तयार होतं. एमड्राइव्हवाल्यांकडे ते नाही. दोघांची बरोबरी करायची तर शॉयर यांच्या शेजारी गोडार्ड नव्हे, तो अग्रलेख बसतो.

## ‘नियम कधी चुकतच नाहीत का?’

चुकू शकतात, आणि शंका घेणारे काही सामान्य लोक नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत काही किरणोत्सारी अणूंतून इलेक्ट्रॉन बाहेर पडताना ऊर्जेचा हिशेब जुळेना. नील्स बोर यांच्यासारखा माणूस ऊर्जा अक्षय्यतेचा नियमच सोडून द्यायला तयार झाला होता. १९३० मध्ये वोल्फगांग पाउली यांनी सुचवलं की एखादा न दिसणारा कण ती ऊर्जा घेऊन जात असावा. तो कण, न्यूट्रिनो, १९५६ मध्ये सापडला. नियम टिकला. उलट्या दिशेला काहीतरी गेलं होतं, फक्त ते दिसत नव्हतं.

याहून जवळचा दाखला पायोनिअर यानांचा. १९७२ आणि १९७३ मध्ये सोडलेली पायोनिअर-१० आणि ११ ही यानं हिशेबापेक्षा किंचित जास्त मंदावताना दिसली. फरक दर सेकंदाच्या वर्गाला मीटरच्या एक अब्जांशाहूनही कमी. १९९८ पासून गुरुत्वाकर्षणाचा नियम दुरुस्त करण्याच्या सूचना येऊ लागल्या. स्लावा तुरीशेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी धुंडाळल्या, यानाचं उष्णतेचं प्रारूप उभं केलं, आणि २०१२ मध्ये उत्तर दिलं. यानावरच्या अणुबॅटऱ्या आणि उपकरणांतून बाहेर पडणारी उष्णता सगळीकडे सारखी जात नव्हती. प्रवासाच्या दिशेनं साठेक वॉट जास्त जात होती. उष्णताही प्रकाशच, तिच्यातही संवेग असतो, आणि तेवढ्यावर यान मंदावत होतं. इथली विसंगती शंभर टक्के खरी होती, तरी नवं भौतिकशास्त्र लागलं नाही.

ईगलवर्क्सनं आपला रेटा समजावताना पुंज-पोकळीचा आधार घेतला होता. निर्वात जागाही पूर्ण रिकामी नसते, तिथं कण क्षणभर उमटून नाहीसे होतात, आणि यंत्र त्यांना मागं ढकलतं, अशी कल्पना. अडचण अशी की ती पोकळी ही किमान ऊर्जेची अवस्था आहे आणि कोणत्याही वेगानं जाणाऱ्या निरीक्षकाला ती सारखीच दिसते. तिला मागच्या दिशेनं वाहतं करता येत नाही. वाहतं करायला खरे कण निर्माण करावे लागतील, आणि मग ते साधं रॉकेटच झालं.

## जास्तीचा रेटा म्हणजे फुकट वीज

संवेगाचा युक्तिवाद कुणाला पुस्तकी वाटत असेल, तर ऊर्जेचा बघा. मला तो अधिक पटतो, कारण त्यातून पळवाट नाही.

समजा एखादं इंजिन ठरावीक विजेवर कायम ठरावीक रेटा देतं आणि बाहेर काही टाकत नाही. वेग एकसारखा वाढत जाईल. विजेचा खर्च वेळेच्या प्रमाणात वाढेल, पण गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे कधीतरी दुसरीच्या वाढीचा दर पहिलीच्या दराला गाठणारच. त्या पलीकडे यान दर सेकंदाला घातलेल्या विजेपेक्षा जास्त ऊर्जा मिळवू लागेल. हा वेग काढणं सोपं आहे: विजेच्या वॉटला रेट्याच्या न्यूटननं भागायचं. ईगलवर्क्सच्या आकड्यांनी तो येतो सेकंदाला सुमारे ८३० किलोमीटर. चिनी गटाच्या पहिल्या आकड्यांनी अवघा साडेतीन किलोमीटर. पृथ्वीभोवती फिरणारा साधा उपग्रहही याच्या दुपटीहून जास्त वेगानं जातो! म्हणजे ते यंत्र खरं असतं तर कक्षेतच फुकट ऊर्जा देऊ लागलं असतं, आणि मंगळाची गरजच उरली नसती. जगभरची वीजकेंद्रं बंद करता आली असती.

रासायनिक रॉकेटला हा प्रश्न पडत नाही, कारण झोत आपल्याबरोबर ऊर्जा घेऊन जातो आणि तोही हिशेबात धरावा लागतो. प्रकाश मागं फेकणारं यान घेतलं तर किलोवॅटमागे ३.३ मायक्रोन्यूटन रेटा मिळतो. तोच भागाकार इथं करा. उत्तर येतं सेकंदाला तीन लाख किलोमीटर, म्हणजे नेमका प्रकाशाचा वेग, जो यानाला कधीच गाठता येत नाही. निसर्गानं मर्यादा बरोबर तिथंच ठेवली आहे. त्याहून जास्त रेटा काही न टाकता मिळतो म्हणणारं प्रत्येक यंत्र, नाव काहीही असो, शाश्वत गतीचं यंत्र ठरतं. ईगलवर्क्सचा दावा या मर्यादेच्या साडेतीनशे पटींहून जास्त होता.

## ‘एकदा अवकाशात पाठवून बघा ना’

पाठवलं. नेमकं एमड्राइव्ह नव्हे, पण त्याच जातीचं, काही बाहेर न टाकणारं एक यंत्र. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘बॅरी-१’ या छोट्या उपग्रहावरून ते कक्षेत गेलं. उपग्रहाच्या वीजपुरवठ्यातच बिघाड झाला आणि २०२४ च्या सुरुवातीला, यंत्र सुरू करण्याआधीच, संपर्क तुटला.

ते सुरू झालं असतं तरी प्रश्न सहज मिटला नसता. खालच्या कक्षेत विरळ हवा उपग्रहाला मागं ओढते, सूर्यप्रकाश ढकलतो, आणि उपग्रहातल्या विजेला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तिथंही गाठतं. उपग्रह वळवण्यासाठी हेच क्षेत्र मुद्दाम वापरलं जातं. प्रयोगशाळेत डबा उलटा बसवता येतो, तारा बदलता येतात, पुन्हा पुन्हा मोजता येतं. कक्षेत यातलं फारच थोडं जमतं. अवकाश ही परीक्षेची सोपी जागा नाही.

## मग दगड न नेता जाताच येत नाही?

येतं, आणि हे त्या व्हिडिओंत सांगितलं असतं तर ते जास्त रंजक झाले असते. मोठ्या ग्रहाजवळून जाताना यान ग्रहाच्या गतीतला कण उचलून वेग वाढवतं. व्हॉयेजर यानं अशीच बाहेर पडली. उलट्या दिशेला गेला तो गुरू, अर्थात कुणाला कधी जाणवणार नाही इतका. कक्षेत लांबलचक तार सोडून तिच्यातून वीज वाहवली तर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला रेटता येतं. म्हणजे ज्या परिणामानं एमड्राइव्हचे तराजू फसवले, तोच मुद्दाम कामाला लावता येतो.

दगड नेणाऱ्या इंजिनांतही बरंच चाललं आहे. मार्च २०२५ मध्ये इस्रोनं ३०० मिलिन्यूटन रेट्याच्या प्लाझ्मा इंजिनाची १,००० तासांची चाचणी पूर्ण केली. झेनॉनवर चालणारं हे इंजिन ५.४ किलोवॅट वीज घेतं. किलोवॅटमागे हिशेब केला तर ईगलवर्क्सच्या दाव्याच्या चाळीस पटींहून अधिक रेटा, आणि त्यासाठी कुठलाही नियम मोडावा लागत नाही.

आणि सूर्यप्रकाशाचं शीड. मे २०१० मध्ये जपाननं ‘इकारोस’ हे यान शुक्राच्या वाटेवर सोडलं आणि चौदा मीटर बाजूचं पातळ चौरस शीड अवकाशात उलगडलं. या रेट्यासाठी झोत नाही, इंधन नाही, शिडावरून परावर्तित होणारा प्रकाश तेवढा. पृथ्वीवरून यानाचा वेग मोजून जपानी अभियंत्यांनी रेटा काढला तो १.१२ मिलिन्यूटन. ईगलवर्क्सनं किलोवॅटमागे सांगितलेल्या रेट्याएवढाच जवळजवळ, पण त्यावर वाद झाला नाही. चौदा गुणिले चौदा मीटर शीड, त्यावर पडणारा सूर्यप्रकाश आणि त्याचा परावर्तित होणारा हिस्सा, एवढ्यावरून तो आकडा उड्डाणाआधीच अदमासे ठाऊक होता.